मिशी डावीकडे

मांजर माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. बायकोचं होतं. तिनं आणलं, तिनं पोसलं, तिनंच डोक्यावर चढवून ठेवलं. माझा संबंध एवढाच, की मी खुर्चीत बसायला जावं तर तिथं ते आधीच पसरलेलं असायचं, आणि माघार मी घ्यायची. दहा वर्षं असंच चाललं. मग गेल्या वर्षी बायको गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी दवाखाना, सहाव्या दिवशी सगळं आटोपलं. मांजर राहिलं आणि मी राहिलो.

लेक बारा वर्षं परदेशात आहे. ती आली, पंधरा दिवस राहिली, आईची कपाटं आवरली आणि जाताना म्हणाली, "बाबा, आता इथं एकट्यानं राहायचं नाही. माझ्याकडे यायचं." मी "हं" म्हटलं. माझ्या "हं"चा अर्थ हो नसतो आणि नाहीही नसतो. बोलणं संपवायला तो बरा पडतो. बायकोनं त्या "हं"बरोबर अडतीस वर्षं संसार केला. लेकीला मात्र तो चालत नाही. दर रविवारी फोन, दर फोनला तेच. शेवटी मी ठेवणीतलं हत्यार काढलं. म्हटलं, "येतो. पण मांजर येणार असेल तर. तुझ्या आईचं आहे ते, त्याला वाऱ्यावर सोडून मी हलणार नाही." विषय मिटला म्हणून मी खुशीत चहा टाकला. विमानातून मांजर कोण नेतंय?

नेतात म्हणे. चौथ्या दिवशी तिनं सतरा पानं पाठवली. मानेत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवायची, तिच्यावर नंबर असतो. त्यानंतर लस. महिन्यानं रक्ताची तपासणी. त्यानंतर तीन महिने नुसतं थांबायचं. मग निघण्याआधीच्या दहा दिवसांत जनावरांच्या डॉक्टरकडून शेवटचा दाखला. माझ्या लग्नालासुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. मी म्हटलं, "अगं, एका मांजरासाठी एवढं?" ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना बाबा? मग आता चला."

चांगलाच कात्रीत सापडलो. पण खरं सांगायचं तर, पानं भरता भरता माझंही मन त्यात गुंतत गेलं. तिकडे सगळं परकं असणार. रस्ते परके, बोलणं परकं, जावई चांगला पण तोही परकाच. तिथं माझ्या बायकोला ओळखणारं कोण? लेक आहे, पण लेकीच्या आठवणीतली आई बारा वर्षांपूर्वीची. केस पांढरे झालेली, गुडघ्यावर हात ठेवून उठणारी, दुपारी रेडिओशी भांडणारी बाई माझ्याशिवाय फक्त या मांजरानं पाहिली होती. दोघांनी मिळून तिची आठवण काढायची असं काही नाही, मांजर थोडंच आठवण काढतं? पण घरात तिला ओळखणारं आणखी एक कुणीतरी असावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मी ते काम मनापासून केलं.

मनापासून करायची मला सवय आहे. माझा फोटो स्टुडिओ होता. एका गाळ्यात एक्केचाळीस वर्षं ओळखपत्राचे, परीक्षेचे, परवान्याचे फोटो काढले. "मान सरळ, हनुवटी खाली, कान दिसू द्या." एवढं म्हणून म्हणून गल्लीत माझं नावच "मान-सरळ" पडलं. एकदा समोर बसलेला चेहरा मी विसरत नाही. वीस वर्षांनी माणूस टक्कल घेऊन आला तरी सांगतो, तुमची डावी भुवई तेव्हापासून वर आहे. बायको म्हणायची, "गिऱ्हाइकाची भुवई दिसते, मी नवी साडी नेसले ते दिसत नाही." मी म्हणायचो, हं.

तर त्या अर्जावर मांजराचे दोन फोटो हवे होते, एक समोरून, एक बाजूनं. समोरचा मी दुपारी काढला. दीडच्या सुमाराला ते स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवलेलं खायला यायचं, तेव्हाच धरलं आणि पांढऱ्या पडद्यापुढं बसवलं. बाजूचा दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, माझ्या अंथरुणातूनच उचलून. कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी लावले तर एक गोष्ट खटकली. आमचं मांजर पांढरं, पाठीवर करडे पट्टे आणि नाकाखाली एका बाजूला काळा ठिपका, अर्धी मिशी काढल्यासारखा. पहिल्या फोटोत ती मिशी डावीकडे होती, दुसऱ्यात उजवीकडे.

मी हसलो. या धंद्यात हे रोजचं. पूर्वी निगेटिव्ह उलटी लागायची, आता बोट चुकीच्या बटणावर पडतं. शर्टाचा खिसा उजवीकडे गेला की आपण समजायचं, फोटो उलटा झाला. मी दुसरा फोटो सरळ करून टाकला. मिशी डावीकडे आली. छापला, चिकटवला, अर्ज जनावरांच्या दवाखान्यात दिला. हाताखाली कुणी असता तर त्याला दाखवलंही असतं, की बघ, नजर हवी ती अशी.

विमानाला नऊ दिवस होते. स्टुडिओ विकून झाला होता, घराची किल्ली नव्या मालकांना एक तारखेला द्यायची होती, भिंतींवर खिळे तेवढे उरले होते. शेवटच्या दाखल्याला डॉक्टरीणबाईंनी सकाळी नऊची वेळ दिली. आधीच्या दोन्ही खेपा, चिप-लशीची आणि रक्ताची, दुपारच्या होत्या. या वेळी मी सकाळी उठलो, पायाशी झोपलेलं मांजर उचललं, पेटीत घातलं आणि गेलो. वाटेत त्यानं हूं की चूं केलं नाही. मागच्या दोन्ही वेळा तर ओरडून गल्ली गोळा केली होती. मला वाटलं, शहाणं झालं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या लेकीपेक्षा लहान. मला काका म्हणतात. त्यांनी चिप वाचायचं ते टेलिफोनसारखं यंत्र मानेवरून फिरवलं. वाजलं नाही. पुन्हा फिरवलं. खांद्यावरून, पोटावरून, पायापर्यंत. मग यंत्र बदललं. दुसऱ्यानंही तोंड उघडलं नाही.

"चिप सरकते कधीकधी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मांजराचं तोंड दोन बोटांनी वर केलं, अर्ज पाहिला, पुन्हा तोंड पाहिलं. "काका, हे ते मांजर नाही."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे काय? रात्रंदिवस माझ्या घरात राहतंय. मला ओळखता येत नाही होय?"

"फोटोत ठिपका डावीकडे आहे. हिचा उजवीकडे आहे."

"तो फोटो उलटा आला होता, म्हणून मी तो—"

वाक्य तिथंच अडकलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. टेबलावर बसलेलं मांजरही माझ्याकडे बघत होतं, मिशी उजवीकडे. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं, की कुणीतरी मला स्टुलावर बसवलंय आणि मान कशी धरायची ते मला कळत नाहीये. कागदावर मी दोन मांजरांचं मिळून एक मांजर केलं होतं.

घरी आलो आणि लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे भवानी आहे?"

"कोण भवानी?"

"बाबा! आईच्या दोन मांजरी होत्या ना. सरकार आणि भवानी. बहिणी बहिणी. आधी सरकार आली, मग महिन्याभरानं भवानी. तुम्हाला माहीत नाही?"

मी खाली बसलो. बसायला खुर्ची नव्हती, ती विकली होती, जमिनीवरच बसलो. रोज दुपारी बायको खिडकीत उभी राहून हाक मारायची. "सरकार, या." आणि लगेच, "भवाने, तू पण ये गं." दहा वर्षं मी ते ऐकत होतो आणि माझा समज असा, की लाड आला की सरकार आणि राग आला की भवानी. मलाही ती सकाळी "अहो" आणि संध्याकाळी "काय हे, अहो!" म्हणायचीच की. "तू पण" हे दोन शब्द कानावरून रोज गेले, आत एकदाही शिरले नाहीत. आणि आता नीट आठवलं, तिनं सांगितलंही होतं. जेवताना म्हणाली होती, "अहो, आणखी एक यायला लागलंय." मी म्हटलं असेल, हं.

"तुला माहीत होतं, तर एकाच मांजराचे कागद का पाठवलेस?" मी लेकीवर ओरडलो. दोष द्यायला कुणीतरी लागतंच.

"तुम्ही सारखं मांजर, मांजर, एकच म्हणत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, भवानी गेली. आईच्या मागोमाग गेली असेल. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी विचारलं नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून." मग हळूच म्हणाली, "आई म्हणायची, सरकार माझी आणि भवानी ह्यांची. तुमच्या खुर्चीत बसायची ती भवानी, बाबा."

असं आमचं घर. विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि मग सगळे एकमेकांना जपत बसायचे.

म्हणजे हिशोब असा झाला. चिप बसली होती दुपारी खायला येणाऱ्या सरकारला. रात्री माझ्या पायाशी झोपणारी ती भवानी. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला, आणि मला वाटत होतं की मांजराची भूक वाढलीय. कागद सरकारचे, आणि सरकारला पकडायला नऊ दिवस.

एक गोष्ट कबूल करतो. त्या दुपारी मला क्षणभर आनंद झाला. वाटलं, सुटलो. मांजर मिळालं नाही म्हणजे जायला नको. पण लगेच समोर रिकाम्या भिंती दिसल्या, आणि सुटून राहायचं कुठं, आणि कुणाबरोबर?

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीवर पाळत ठेवली. दीड वाजता ती आली. कुंपणाच्या भिंतीवर बसली. मिशी डावीकडे. एकदा कळल्यावर त्या दोघी इतक्या वेगळ्या दिसायला लागल्या, की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सरकार रुंद, चेहऱ्यावर मालकिणीचा तोरा. भवानी किरकोळ, एक कान किंचित दुमडलेला. कान दिसू द्या म्हणून मी जन्मभर लोकांना सांगत आलो.

मी स्वयंपाकघरात दिसलो की सरकार आत यायची नाही. मी आडोसा घेतला की यायची, खायची, आणि मी जागचा हललो की पसार. आधी दर वेळी बेसावध सापडली होती, आता तिनं धडा घेतला होता. टोपली लावून पाहिली, चादर टाकून पाहिली, मासळीचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवून पाहिला. तो भवानीनं खाल्ला. मी खिडकीतून हाक मारायचा प्रयत्न केला, पण तोंडातून "सरकार" निघेचना. दहा वर्षांत मी त्या जनावराला कधी हाकच मारली नव्हती. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, तसा मी आत आलो.

चार दिवस गेले. लेकीनं फोनवर एक आवाज पाठवला आणि खाली लिहिलं, "आईनं मला एकदा पाठवला होता. मांजरींना बोलावताना. हा लावून बघा. जमत असेल तर."

जमत नव्हतं. ती गेल्यापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. फोटो हजार होते, फोटोची मला भीती नाही, तो माझा धंदाच. आवाजाची फार भीती वाटायची. एक दिवस फोन तसाच पालथा ठेवला. सहाव्या दिवशी म्हटलं, आता इज्जतीचा प्रश्न आहे, आणि तयारीला लागलो. खिडकीच्या झडपेला दोरी बांधली, ती दारातून बाहेरच्या खोलीपर्यंत आणली, मी तिथं जमिनीवर भिंतीला टेकून बसलो. फोन ओट्यावर ठेवायचा, आवाज लावायचा, पटकन बाहेर येऊन दोरी धरायची. सरकार आत आली की दोरी ओढायची. शाळेतल्या पोराची असते तसली युक्ती, पण दुसरं सुचत नव्हतं.

दीड वाजला. मी बोट ठेवलं आणि बाहेर येऊन दोरी हातात घेतली.

आधी डाव ताटावर आपटल्याचा आवाज आला. दोनदा. मग ती. "सरकार, या." जराशी खोकली. "भवाने, तू पण ये गं." आणि मग मान वळवून, मोठ्यानं, "आणि अहो, तुम्ही पण उठा आता. ताट वाढलंय."

मी उठलो.

विचार करून नाही. अडतीस वर्षं त्या हाकेला जसा उठलो तसाच उठलो, गुडघ्यावर हात ठेवून, मनातल्या मनात कुरकुरत, की आलो गं, किती ओरडशील. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तेव्हा सरकार खिडकीतून आत उतरलेली होती. माझ्या मागून भवानी आली. आम्ही तिघं तिथं उभे राहिलो, ओट्याकडे बघत. ओटा पुसून स्वच्छ केलेला. शेगडी विकलेली. तिच्या जागी भिंतीवर काळा चौकोन तेवढा होता. आणि मी ताटलीत काही ठेवलंच नव्हतं. दोरीच्या नादात मासळी राहून गेली होती.

सरकार फोनपाशी गेली, हुंगलं, फोनच्या मागं पाहिलं. मग खाली उतरून आतल्या खोलीत गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. ती कुठंकुठं जात असणार ते मला माहीत होतं, कारण मी स्वतः तेच करत होतो वर्षभर. आतली खोली, कपाट होतं ती जागा, मोरी. परत आली आणि माझ्यासमोर बसून तिनं एकदाच आवाज काढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी म्हटलं, "नाही गं. खोटं बोललो मी. कुणी नाहीये."

खिडकी उघडीच होती. दोरी माझ्या हातातून कधीच सुटली होती. सरकार तिथून निघून गेली, आणि मी तिला जाऊ दिलं. मग त्या रिकाम्या ओट्याला धरून मी रडलो. वर्षभरात रडलो नव्हतो. लेकीसमोर रडलो असतो तर ती घाबरली असती, भवानी काही घाबरली नाही. ती पायावर बसून राहिली.

सातव्या दिवशी मी फोन कपाटात ठेवला, म्हणजे कपाट नव्हतं, बॅगेत ठेवला. मासळी आणली. दोन ताटल्या भरल्या. खिडकीत उभा राहिलो, आडोशाला नाही, समोर, आणि माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं, "सरकार, या." गच्चीवरच्या बाई बघत होत्या, बघू देत. भवानी आली. सरकार भिंतीवरच बसून राहिली. मी हाक मारत राहिलो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. शेवटी ती उतरली, वैतागून, या माणसाची कटकट एकदाची थांबू दे अशा चेहऱ्यानं. आली, माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं, आणि मी उचललं तेव्हा ओरडली, ओरबाडलं, पण पळाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींना दोन पेट्यांत घालून नेलं. सरकारच्या मानेवरून यंत्र फिरलं आणि वाजलं. डॉक्टरीणबाई लहान मुलीसारख्या हसल्या. मी सकाळीच दोघींचे फोटो नव्यानं काढले होते. खिळ्यांना चादर टांगली आणि एकेकीला खाली बसवलं. सरकारचे फोटो त्यांनी आधी अर्जावर बदलून घेतले. मग त्यांनी भवानीकडे पाहिलं.

"हिला आज चिप बसवली, तरी लस, रक्त, तीन महिने, सगळं पहिल्यापासून. पाच महिने धरा काका. परवा तुमच्याबरोबर नाही जाता येणार तिला."

"तोवर?"

"माझ्याकडे राहील. मागच्या खोलीत जागा आहे. पाच महिन्यांनी मी स्वतः विमानात बसवून देईन."

लेकीला तिथूनच फोन लावला. म्हटलं, मी पाच महिन्यांनीच येतो, हिला घेऊन. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. ती म्हणाली, "कुठं राहणार बाबा पाच महिने? घर तर दिलंत. सरकारच्या दाखल्याचे दिवसही निघून जातील, मग तिचे कागद पुन्हा करायचे. आणि मी रजा काढलीय, खोली लावलीय." मग आवाज बारीक झाला. "बाबा, मी आईच्या वेळेला दोन दिवस उशिरा पोचले. आता तुम्ही तरी वेळेवर या." यावर हं म्हणता येत नव्हतं. मी "येतो" म्हटलं.

मग बसून अर्ज भरला. भवानीचा फोटो चिकटवला. समोर बसवल्यावर तिनं मान स्वतःहून सरळ धरली होती, दुमडलेला कान दिसत होता, मिशी उजवीकडे, आणि मी तो तसाच छापला होता. अर्जावर मालकाचं नाव विचारलं होतं. सरकारच्या अर्जावर त्या जागेशी मी अर्धा तास अडलो होतो, बायकोचं लिहावं की माझं. या वेळी अडलो नाही.

"ही तुमचीच ना?" डॉक्टरीणबाईंनी भरता भरता विचारलं.

"माझीच," मी म्हटलं.

शेवटच्या दिवशी विमानतळावर जाताना डॉक्टरीणबाईंकडे थांबलो. टॅक्सीत सरकार पेटीतून गल्ली गोळा करत होती. मी आत गेलो. भवानी मागच्या खोलीत, खिडकीखालच्या पिंजऱ्यात, माझ्या जुन्या स्वेटरवर बसलेली. मी उकिडवा बसलो. दहा वर्षं माझ्या पायाशी बसलेलं हे जनावर, आणि माझी तिच्याशी ओळख होऊन आज दहावा दिवस होता. मी बायकोची मांजर घेऊन चाललो होतो आणि माझी इथं ठेवून.  बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तिनं जाळीला नाक लावलं, मी बोट लावलं.

"भवाने," मी म्हटलं, "तू पण ये गं."